आधी खोट सांगायची

जुनी लेन्स कधी उन्हात धरून पारखू नये. उन्हात सगळ्याच लेन्स स्वच्छ दिसतात. खोलीतला दिवा घालवायचा, ॲपर्चर पूर्ण उघडायचे, मागून तिरकी टॉर्च मारायची आणि पुढून डोळा लावायचा. मग काचेच्या पोटातले सगळे दिसू लागते. बुरशी लागली असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे कडेकडून मध्याकडे सरकलेले दिसतात. वंगणाची वाफ आतल्या भिंगावर बसली असेल तर तापलेल्या दुधावर साय धरू लागते तसा पातळ पडदा दिसतो. दोन भिंगांना जोडणारी राळ सुटली असेल तर कडेला तेलाच्या तवंगासारखे रंग चमकतात. याला दोन मिनिटे पुरतात. पण घेणाऱ्याकडे ती दोन मिनिटे आणि तो अंधार बहुधा नसतो. मेट्रो स्थानकाबाहेर, गॅलेरिया मार्केटच्या पार्किंगमध्ये किंवा कुणाच्या सोसायटीच्या गेटवर लेन्स हातातून हातात जाते, तेव्हा घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

२०११ पासून गुरुग्राममध्ये मी रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्स घेतो, साफ करतो, जुळवतो आणि विकतो. दुकान नाही, पाटी नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसला आणि १९८६ साली मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी घेऊन इकडे आलो. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली होती आणि तिच्या मागोमाग इथे सुट्या भागांचे कारखाने उभे राहत होते. तेव्हा हे गुडगाव होते. गुरुग्राम हे नाव २०१६ मध्ये आले. उभी नोकरी शतांश मिलिमीटर मोजण्यात गेली. निवृत्तीच्या आधीपासून तीच नजर या लेन्सकडे वळली.

आम्हा खाजगीत लेन्स विकणाऱ्यांचा एक रिवाज आहे. किंमत बोलण्याआधी, लेन्सचे कौतुक करण्याआधी, तिची खोट सांगायची. तो कुणी लिहून ठेवलेला नाही आणि सगळे पाळतात असेही नाही. हा रिवाज का पडला आणि तो मोडला की काय होते, ते मला सांगायचे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. दोन्हींमधून येणारी चित्रे डोळ्यापाशी एकत्र होतात आणि फोकस चुकलेला असेल तोवर माणसाला दोन नाके, चार डोळे दिसतात. लेन्सची रिंग फिरवत गेले की दुसरे चित्र सरकत सरकत पहिल्यावर बसते. ते चपखल बसले की फोकस झाला. आपण लेन्समधून पाहतच नसतो. लेन्सच्या शेपटाकडची पितळी कड कॅमेऱ्याच्या आतल्या एका छोट्या चाकाला ढकलते आणि लेन्स किती पुढे सरकली हे कॅमेऱ्याला तेवढ्या स्पर्शातून कळते. ते कळणे खरे की खोटे, हे फिल्म धुतल्याशिवाय समजत नाही. या लेन्सच्या व्यवहारात शब्दाला एवढे मोल का, याचे पहिले कारण हेच.

जर्मनीतल्या वेट्झलार गावी सूक्ष्मदर्शक करणाऱ्या लाइट्स कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याने आखलेला, सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ नावाने विकायला आला. त्याची लेन्स काढता येत नसे. १९३० मध्ये लेन्स बदलण्याची सोय झाली, पण अर्धवट. प्रत्येक लेन्स एकेका कॅमेऱ्याला हाताने जुळवलेली असे आणि कोणती कुणाची ते कळावे म्हणून कॅमेऱ्याच्या क्रमांकातले आकडे लेन्सवर कोरलेले असत. अशी लेन्स एकटी विकून उपयोग नव्हता. १९३१ मध्ये लाइट्सने लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर पक्के केले आणि त्या मापाच्या कॅमेऱ्यांच्या कड्यावर वरच्या बाजूला एक छोटे शून्य कोरले. शून्य असेल तर कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्यावर. कॅमेऱ्यावाचून सुटी लेन्स विकता येऊ लागली ती त्या शून्यापासून. भिंगाखाली धरल्याशिवाय ते नीट दिसतही नाही. पण माझ्या हातात १९३० नंतरचा जुना लायका आला की मी आधी ते शून्य शोधतो.

पुढल्याच वर्षी, १९३२ मध्ये, लायका-२ आला आणि लेन्स व रेंजफाइंडर एकमेकांना जोडले गेले. लेन्सच्या आट्यांची गोष्ट टूलरूमवाल्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. व्यास ३९ मिलिमीटर, आणि आटे मात्र एका इंचात २६. मेट्रिक देशातल्या कारखान्यात इंचाचे आटे आले, कारण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना इंग्रजी आटे देण्याची सवय त्या धंद्यात आधीपासून होती. जपानमध्ये कॅननने सुरुवातीला ३९ मिलिमीटरचाच व्यास घेतला, पण इंचात २४ आटे पाडले. अशी लेन्स लायकावर एक-दीड फेरा गोड फिरते आणि मग अडते. घेणाऱ्याला वाटते घट्ट आहे, म्हणून तो जोर लावतो आणि दोन्हींचे आटे घासले जातात. म्हणून माझ्या डब्यात थ्रेड गेज असतोच. माप डोळ्याने घेऊ नये, हे उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मला सोळाव्या वर्षी शिकवले होते.

लायकाच्या मापाची नक्कल खूप झाली. युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात १९३४ पासून ‘फेड’ कॅमेरे होऊ लागले. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यातून ‘झोर्की’ आला. जर्मनीच्या त्साइस कंपनीची ‘झोनार’ ही लेन्स लुडविग बेर्टेलेने १९३० च्या सुमारास आखली होती; युद्धभरपाईत तिचे ज्ञान, काच आणि यंत्रे सोव्हिएत रशियात गेली आणि तिथे ती ‘ज्युपिटर’ या नावाने पुन्हा जन्मली. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा तिचे साल सांगतात. क्रमांक ५९ ने सुरू झाला तर लेन्स १९५९ ची. ५९ ने सुरू होणारी एक लेन्स आमच्या घरात होती. तिच्याकडे येतोच.

दिल्लीला या छोट्या कॅमेऱ्यांची ओळख फार मोठ्या दुःखाच्या वेळी पटली. ३० जानेवारी १९४८ ला आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटून निघाला आणि थोड्याच वेळात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री आणि पुढल्या दिवशीच्या अंत्ययात्रेत त्याने काढलेली छायाचित्रे जगभर गेली. त्याच्या हातात लायका होता आणि बहुतेक काम एकाच ५० मिलिमीटरच्या लेन्सवर. दिल्लीतले बहुतेक वृत्तछायाचित्रकार त्या काळी मोठे, जड कॅमेरे वापरत. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीत आल्या, त्या खांद्यावर स्पीड ग्राफिक आणि रॉलिफ्लेक्स घेऊन सायकलवरून फिरत. छोटा कॅमेरा, बदलता येणारी लेन्स ही चैन होती आणि ती आपल्याकडे दुकानात सहज मिळत नव्हती.

१९५७ मध्ये देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि आयातीच्या नाड्या आवळल्या गेल्या. कॅमेरा ही चैनीची वस्तू ठरली. आपल्याकडे घरोघरी पोचला तो आग्फा क्लिक-३. छान होता, पण त्याची लेन्स निघत नसे. परदेशी रेंजफाइंडर आणि त्याच्या लेन्स यायच्या त्या माणसांच्या सामानातून: वकिलातीतले कर्मचारी, परदेशी तंत्रज्ञ, शिकून परतलेली मुले, आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टवर विमानतळावर कॅमेऱ्याची नोंद व्हायची, म्हणजे जाताना तो परत न्यावा लागे. तरी काही वस्तू इथे राहत. म्हणून आपल्याकडे जुनी लेन्स हाच सामान्य माणसाचा पहिला बाजार होता. जगात इतरत्र लोक नवी परवडत नाही म्हणून वापरलेली घेतात; आपल्याकडे नवी नव्हतीच. पावती नाही, हमी नाही, परत घेणारे दुकान नाही. हाताशी फक्त विकणाऱ्याचा शब्द.

माझे नानाकाका दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत लघुलेखक होते. करोल बागेत दोन खोल्या आणि पहाडगंजच्या मराठी मंडळींत रोजची ऊठबस. १९६० मध्ये त्यांना सहा महिने भिलाईला पाठवले. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ ला तिथली पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती आणि कामावर बरेच रशियन तंत्रज्ञ होते. त्यांतला एक मायदेशी परतत होता. त्याचा झोर्की-४ आणि त्यावरची ज्युपिटर-८ लेन्स काकांनी एकशे ऐंशी रुपयांना घेतली. महिन्याच्या पगारापेक्षा जास्त.

ती खरेदी काका मला पुन्हा पुन्हा सांगत. त्या माणसाने कॅमेरा टेबलावर ठेवला. भाव बोलला नाही. दुभाष्याला बोलावले, कॅमेऱ्याचे मागचे झाकण काढले आणि शटरच्या कापडी पडद्यातले सुईच्या टोकाएवढे भोक काकांना दाखवले. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. लेन्स उन्हाकडे तोंड करून राहिली तर सूर्य बहिर्गोल भिंगातून कागद जाळावा तसा पडदा जाळतो. ते भोक तसेच पडले होते. त्याने काळ्या रंगाचा एक ठिपका लावून दाखवला आणि दुभाष्यामार्फत सांगितले, दर पावसाळ्यानंतर हा तपासा. मग किंमत सांगितली. काका म्हणायचे, “त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला. पण त्याने आधी भोक दाखवलं, तेव्हा बाकी सगळं खरं असणार हे मला कळलं.” काकांनी दर दसऱ्याला तो ठिपका तपासला. वर्षाची तारीख लिहिलेला कागद कॅमेऱ्याच्या चामडी पेटीत घडी करून ठेवलेला असे.

दिल्लीत अशा वस्तूंची दुरुस्ती आणि फिरती विक्री चांदणी चौकातल्या कुचा चौधरीत होते. तिथली कॅमेऱ्यांची बाजारपेठ जुनी. अरुंद गल्ली, वर विजेच्या तारांचे जाळे, दुकानाच्या मागे लाकडी जिना आणि जिन्यावर डोळ्याला भिंग लावून बसलेला कारागीर. १९८८ मध्ये मी काकांसोबत पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा रेंजफाइंडरच्या लेन्स एका पत्र्याच्या डब्यात ढिगाने पडल्या होत्या. दुकानदार म्हणाला, “अब इन्हें कौन पूछता है, बाबूजी.” त्याचे खरे होते. १९५९ मध्ये निकॉन-एफ आला आणि आरशाचे एसएलआर कॅमेरे पसरत गेले. त्यात माणूस थेट लेन्समधून पाहतो, लांबच्या आणि झूम लेन्स चालतात. साठच्या दशकात बहुतेक कंपन्यांनी लेन्स बदलता येणारे रेंजफाइंडर थांबवले. लाइट्स टिकून राहिले, पण १९५४ पासून त्यांचा एम-३ आट्यांऐवजी फिरवून अडकवायच्या बैठकीवर आला होता.

जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर का बसवल्या नाहीत, असे मला मुले विचारतात. उत्तर अंतराचे आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलतो, त्याला जागा लागते. निकॉन-एफमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर. लायकाच्या आट्यांची लेन्स २८.८ मिलिमीटरवर बसण्यासाठी घडवलेली. ती इतकी दूर बसली की वीतभर अंतरापलीकडचे काही स्पष्ट दिसतच नाही. म्हणून उत्तम काच असूनही ती निरुपयोगी ठरली आणि पत्र्याच्या डब्यात गेली.

त्या काळात एक वाईट चालही पसरली. झोर्की आणि फेडचे वरचे झाकण घासून त्यावर लायकाचे नाव, कधी जर्मन सैन्याची चिन्हे कोरायची, सोनेरी मुलामा द्यायचा आणि युद्धातली दुर्मीळ वस्तू म्हणून विकायची. ते ओळखायचा एक साधा उपाय आहे. लेन्स काढा आणि आत पाहा. खऱ्या लायकात लेन्सच्या कडेला टेकणारा भाग म्हणजे छोटे गोल चाक असते. सोव्हिएत कॅमेऱ्यात तिथे पाचरीच्या आकाराचा तुकडा असतो. वरून कितीही सोने चढवा, आतली पाचर बदलायचे कष्ट क्वचितच कुणी घेतो.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरची परिमाणात्मक बंधने संपली. दुकानांत नवे कॅमेरे आले, ते डिजिटल. जुन्या लेन्सना पुन्हा दिवस आले ते आरसा निघून गेल्यामुळे. २००४ मध्ये एप्सनने आणि २००६ मध्ये लायकाने डिजिटल रेंजफाइंडर काढला. २००८ मध्ये पॅनासोनिकने आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला. २०१० मध्ये सोनीने आणला, त्यात लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत फक्त १८ मिलिमीटर. आता जागा उरत होती. २८.८ मधून १८ वजा करा. तेवढ्या जाडीचा, म्हणजे १०.८ मिलिमीटरचा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर लावला की १९३५ ची लेन्स २०१० च्या कॅमेऱ्यावर अनंतापर्यंत स्पष्ट दिसते. २०१३ मध्ये पूर्ण ३५ मिलिमीटरच्या चौकटीचा सेन्सर सोनीने तशाच कॅमेऱ्यात बसवला आणि या लेन्सचा मूळ कोन परत मिळाला. कुचा चौधरीतले पत्र्याचे डबे रिकामे झाले.

गुरुग्रामचा भाग्ययोग असा, की २०१० च्या जूनमध्ये दिल्ली मेट्रोची पिवळी मार्गिका इथवर आली. चांदणी चौकही त्याच मार्गिकेवर. गाडी न बदलता चांदणी चौकात बसायचे आणि शेवटच्या स्थानकावर उतरायचे. तेव्हाचे हुडा सिटी सेंटर, २०२३ पासून मिलेनियम सिटी सेंटर. ज्याला लेन्स हवी तो तरुण संगणक अभियंता या टोकाला राहतो आणि ज्याच्या आजोबांच्या कपाटात लेन्स आहे ते कुटुंब त्या टोकाला. मध्ये माझ्यासारखी माणसे. आमच्या भेटी बहुधा स्थानकाच्या बाहेर होतात, पण टॉर्चसाठी मी घेणाऱ्याला घरी बोलावतो. मधल्या खोलीला खिडकी नाही. ती माझी अंधारकोठडी.

इथल्या हवेचीही या धंद्याला साथ आहे. मे महिन्यात लू वाहते आणि काचेवर बुरशी धरत नाही. मात्र जुलै ते सप्टेंबर कपाट उघडू नये इतका दमटपणा असतो. मुंबई-कोकणातून आलेली लेन्स मी दोनदा तपासतो. बुरशी काचेवरच्या थराला खात जाते. ती पुसता येते, पण तिच्या खुणा काचेवर उरतात. लाइट्सच्या १९३० च्या दशकातल्या ‘झुमार’ लेन्सची पुढची काच इतकी मऊ, की सदऱ्याच्या टोकाने पुसणाऱ्या पिढ्यांनी तिच्यावर बारीक ओरखड्यांचे धुके करून ठेवले आहे. हे सगळे सांगायचे असते, आणि सांगितले की किंमत कमी होते. तिथेच विकणाऱ्याची परीक्षा असते.

इथल्या श्री गणेश मंदिर मार्गावर २०१९ मध्ये महापालिकेच्या सहकार्याने ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उभे राहिले. छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी अनेक दशके जमवलेले कॅमेरे तिथे आहेत. त्याआधी हा संग्रह गुडगावातल्या त्यांच्या घरात होता. मी वर्षातून तीन-चारदा तरी जातो. कुलवंत रॉय या वृत्तछायाचित्रकाराचा ठेवाही आर्य यांनीच सांभाळला आहे. रॉय १९५८ मध्ये जगप्रवासाला निघाले, तीसहून जास्त देश फिरले आणि वाटेत काढलेल्या निगेटिव्ह दिल्लीच्या पत्त्यावर टपालाने पाठवत राहिले. परतले तेव्हा त्या पोचल्याच नव्हत्या. पुढे ते त्यांचा शोध घेत राहिले, कचऱ्याच्या ढिगांतही. १९८४ मध्ये ते गेले आणि उरलेल्या पेट्या आर्य यांच्याकडे आल्या. संग्रहालयातल्या काचेसमोर उभे राहिले की मला वाटते, छायाचित्र दुसऱ्यांदा काढता येत नाही. मग ज्या काचेतून ते काढायचे तिच्याविषयी खोटे बोलणे किंवा गप्प राहणे हा किती मोठा अपराध आहे. हे मला कुणी शिकवले नाही. मी तो अपराध केला आहे.

नानाकाका २००९ मध्ये गेले. झोर्कीचे शटर तेव्हा केव्हाच अडकले होते. काकूंनी कॅमेरा आणि लेन्स माझ्या हवाली केली आणि म्हणाल्या, “कपाटात ठेवू नकोस. कुणाच्या तरी वापरात राहू दे.” कॅमेरा मी ठेवला. लेन्स २०१८ च्या डिसेंबरमध्ये विकली. घेणारी मुलगी सेक्टर ५६ मध्ये राहायची, मूळची अमरावतीची. नुकताच तिने जुना लायका एम-३ घेतला होता. मी टॉर्च मारून दाखवली. काच आरशासारखी होती. एक बुडबुडा होता, तो सांगितला. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नव्हते. तिने विचारले, “काका, माझ्या लायकावर नीट चालेल ना?” मी म्हणालो, “बसेल की. एक मिलिमीटरचा अडॅप्टर लाव.” तेही खरेच होते, एम-३ चे अंतर २७.८ आहे.

जे मी सांगितले नाही ते मला ठाऊक होते. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटरच्या लेन्ससाठी जुळवलेला असतो. सोव्हिएत लेन्स झोनारच्या वंशातली, तिचे माप ५२.४. झोर्कीवर हे चालून जाते, कारण तो कॅमेरा त्या मापाला जुळवलेला. लायकावर दूरचे सगळे बरोबर येते, पण जवळच्या माणसाचा फोकस मागे पडतो. एक मीटरवर साधारण तीन सेंटीमीटर. ॲपर्चर एफ ८ इतके बारीक असेल तर कळतही नाही. एफ २ वर, म्हणजे ते पूर्ण उघडे असताना, चेहरा जातो. मी मनाशी म्हटले, नवशिकी आहे, बागेत फुलांचे आणि इमारतींचे फोटो काढेल. खरे कारण वेगळे होते. काकांच्या लेन्सला खोट आहे असे माझ्या तोंडून निघेना. व्यवहारही मोडला असता.

फेब्रुवारीत ती आली. जानेवारीत अमरावतीला तिच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन झाले होते. सकाळी औक्षणाच्या आधी खिडकीपाशी बसलेल्या आजीचे तिने सहा फोटो काढले होते, एफ २ वर, एक मीटरवरून. तिने प्रिंट माझ्या टेबलावर ठेवले. कानशिलावरचे पांढरे केस एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट होते. कानातल्या कुड्यांचे मोती स्पष्ट होते. डोळे धूसर. सहाही फोटोंत. ती चिडली नाही. म्हणाली, “काका, माझंच चुकलं का? मी दोन्ही चित्रं नीट जुळवली होती.” तिने खरेच नीट जुळवली होती. कॅमेऱ्याला लेन्सने जे सांगितले तेच त्याने तिला सांगितले. खोटे बोललो होतो तो मी.

मी तिला सगळे सांगितले. पैसे पुढे केले, तिने घेतले नाहीत. म्हणाली, लेन्स नीट करून द्या. ज्युपिटर-८ मध्ये काचेचा ठोकळा आणि फिरणारे नळकांडे यांच्यामध्ये पातळ चकत्या असतात. मी हिशेब केला, ०.०९ मिलिमीटरची पितळी चकती कापली आणि ठोकळा तेवढा पुढे सरकवला. आट्यांत गोठलेले जुने ग्रीस काढले, नवे भरले. आता एफ २ वर एक मीटरला डोळे टाचणीच्या टोकाएवढे स्पष्ट. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: अनंतावर फोकस किंचित जवळ राहतो, म्हणून दूरचे दृश्य घ्यायचे तर ॲपर्चर बारीक करावे लागते. या वेळी मी ते तोंडाने सांगितले आणि एका कागदावर लिहूनही दिले. वर लिहिले: नानाकाकांची लेन्स, क्रास्नोगोर्स्क, १९५९. खाली चकतीचे माप आणि दूरच्या फोकसची खोट.

तेव्हापासून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक लेन्ससोबत अशी चिठ्ठी जाते. आधी खोट, मग गुण, किंमत चिठ्ठीवर नाही. काही माणसे चिठ्ठी वाचून परत जातात. जाऊ देतो. मोठ्या बाजारातही शेवटी हेच आहे. जून २०२२ मध्ये बार्नाकने स्वतः वापरलेला लायका लिलावात १ कोटी ४४ लाख युरोला गेला. अशा लिलावांच्या सूचीतसुद्धा प्रत्येक वस्तूची अवस्था अक्षराने नोंदलेली असते. इतक्या मोठ्या रकमेलाही आधी तेच विचारावे लागते, जे त्या रशियन तंत्रज्ञाने भिलाईत कुणी न विचारता दाखवले होते.

२०२२ मध्ये त्या मुलीची पुण्याला बदली झाली. जाताना तिने लायका ठेवला आणि लेन्स विकली. मला फोन करून विचारले, मी आनंदाने हो म्हटले. गेल्या वर्षी फरिदाबादहून एक सरदारजी आले. निवृत्त शिक्षक. व्हायोलेट लाइनने केंद्रीय सचिवालय, तिथून पिवळ्या मार्गिकेने इथे. त्यांनी पिशवीतून लेन्स काढली आणि माझी चिठ्ठी काढली, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. त्यावरचा फोन नंबर पाहून ते आले होते. माझे लिखाण हिंदीत होते, ते त्यांना समजले होते. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात मराठीत तीन ओळी होत्या. “यह क्या लिखा है जी? बेटी ने कहा था, ज़रूरी है.”

मी वाचून दाखवले. तिने लिहिले होते: २०२१ च्या पावसाळ्यात कडेला बुरशीचा एक ठिपका आला होता, पुसला, खूण राहिली आहे. दूरचे डोंगर एफ ८ वर घ्यावेत. माणसांचे चेहरे बिनधास्त जवळून घ्यावेत.

सरदारजींनी खिशातून पेन काढले आणि म्हणाले, आता खाली मी काय लिहू, ते तपासून सांगा. आम्ही मधल्या खोलीत गेलो आणि मी दिवा घालवला.